पी-वन, पी-टू आणि काकांचं कॅलेंडर

चुकीच्या पार्किंगची सहा चलनं, एकूण ८००० रुपये. काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, स्कूटर विकून तरी एवढे येतील का?"

काका सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहतात, जेवणाचे डबे पोचवतात. वाड्यात सायकल वळवायलाही जागा नाही, म्हणून स्कूटर टिळक रस्त्यामागच्या गल्लीत. जूनअखेर एका चौकात हवालदारांनी अडवलं, मशिनमध्ये नंबर टाकला, तेव्हा कुठे यांना पत्ता लागला. मेसेज सगळे गेले होते एजंटाला. सेकंडहँड गाडी नावावर करताना एजंट अर्जावर बिनदिक्कत स्वतःचा नंबर टाकतो आणि विसरतो. अशी चारेक माणसं तर माझ्याकडेच येऊन गेलीत.

लोकअदालत जवळ आली की माझ्या टेबलावर चलनांचा ढीग पडतो. येणारा प्रत्येक जण "जरा कमी करून द्या" एवढंच म्हणतो. काका वेगळंच बोलले. "मी चुकलोच नाही. रोज बाजू बदलतो मी." आणि पिशवीतून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरच काढलं, खिळ्याच्या भोकासकट.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते. अरुंद रस्त्यांवर इथे एका बाजूला पी-वन, दुसऱ्या बाजूला पी-टू अशा पाट्या असतात. विषम तारखेला पी-वनकडे गाडी लावायची, सम तारखेला पी-टूकडे. काकांनी तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. 'दु' म्हणजे दुकानाची बाजू, 'पिं' म्हणजे पिंपळाची. दु, पिं, दु, पिं. रविवारसुद्धा चुकलेला नाही.

चलनांच्या तारखा मी शेजारी मांडल्या. सहाही एप्रिल-मेमधली. मार्चमध्ये एक नाही, जूनमध्ये एक नाही. एवढा शिस्तीचा माणूस दोनच महिने कसा बिघडेल? चहा गार झाला तरी सुचेना. मग बोट ३१ मार्चवर गेलं. 'दु'. बरोबर, विषम. १ एप्रिलला 'पिं'. पण एक तारीखही विषमच की! काका तारीख बघून नाही, एक दिवसाआड बाजू बदलत होते. ३१ मार्चनंतर गाडी चुकली ती रोजच चुकत राहिली, आणि मेच्या ३१ तारखेने तिला आपोआप रुळावर आणलं.

"काका, पाटीवर विषम तारीख लिहिलेलं असतं ना?"

"कुठली पाटी? तिथे भाऊ आहेत."

संध्याकाळी जाऊन पाहिलं. खरंच भाऊ होते. वाढदिवसाचा फ्लेक्स खांबाला तारेने आवळलेला, वर इंग्रजी 'पी'चं निळं टोक, आणि खालच्या 'विषम तारखेस' या ओळीवर भाऊंची हसरी मान. समोरची पाटी पिंपळाच्या फांदीत. शेजाऱ्यांचं बघून काका 'एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे' एवढंच शिकले होते. मी फोटो काढणारच होते, पण त्याची गरजच पडली नाही. चलनासोबतच्या पोलिसांच्याच दोन फोटोंत स्कूटरमागे भाऊ स्पष्ट दिसत होते.

गाडी चुकीच्या बाजूला होती, हे मी लोकअदालतीच्या पॅनेलपुढे आधीच कबूल केलं. पार्किंगवाल्यांचा मला उगाच पुळका नाही. फुटपाथवर स्कूटर घालणाऱ्यांना मी रोज शिव्या देते. माझं भांडण ८०००च्या हिशोबाशी होतं. डिसेंबर २०२१पासून राज्यात अशा चुकीला पहिल्यांदा ५००, पुढच्या प्रत्येक वेळी १५००. म्हणजे ५०० अधिक पाच वेळा १५००. जास्तीचा दंड असतो तो एकदा बजावूनही न ऐकणाऱ्याला. इथे बजावलं कोणाला? एजंटाला!

ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या चुकीची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, आणि कॅमेरा असलेल्या रस्त्यावर ठळक सूचनाफलक हवा. समोरचे वाहतूक पोलीस अंमलदार म्हणाले, "मॅडम, हे हातातल्या मशिनचे फोटो आहेत, कॅमेऱ्याचे नाहीत." मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. "मेसेज वेळेत गेलाय. नंबर अपडेट करणं मालकाचं काम." हेही खरंच. मी कॅलेंडर पुढे सरकवलं.

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ३१ मार्चपासून बोट फिरवायला सुरुवात केली. मध्येच हसल्या. मग अंमलदारांकडे वळून, "तो फ्लेक्स आहे का अजून?" अंमलदार म्हणाले, फ्लेक्स काढणं आमच्या खात्याचं काम नाही.

सहाही चलनं पहिल्याच वेळची धरून ३००० रुपयांवर तडजोड झाली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. काकांनी डब्यांच्या हिशोबाच्या पाकिटातून शंभर-शंभरच्या नोटा मोजल्या. मला ३०००सुद्धा जास्तच वाटले, पण काका खूश होते. फोन नंबर बदलायचा अर्ज मी त्यांच्याकडून तिथेच भरून घेतला.

३१ जुलैला रात्री साडेनऊला आठवण आली आणि फोन लावला.

"काका, उद्या गाडी हलवू नका."

"माहितीये हो मॅडम," ते म्हणाले. "एक तारखेच्या चौकटीत लाल पेनने लिहून ठेवलंय. पण गल्लीतल्या बाकीच्यांना कोण सांगणार? भाऊ अजून तिथेच आहेत."