कॉर्नील्या स्टेशनवरची कॉफी: उभ्यानेच प्या

इटलीच्या चिंक्वे तेर्रे या समुद्रकिनाऱ्यावरच्या भागातल्या पाच गावांमधून आम्ही चौघं सप्टेंबरात चार दिवस फिरलो. गावं सुंदर आहेत, फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. मी लिहिणार आहे ते दोनच गोष्टींवर, कारण त्या दोन्हींबद्दल आम्हाला चुकीचं सांगितलं गेलं होतं.

पहिली, त्या पाचांतल्या मनारोला ते कॉर्नील्या या दोन गावांमधली पायवाट. 'समुद्राकाठची सपाट वाट, तासाभरात पोचाल,' असं निघताना ऐकलं होतं. ती खालची वाट दरडींमुळे कित्येक वर्षं बंद आहे. उघडी वाट वर डोंगरातल्या व्होलास्त्रा या गावावरून जाते. मनारोलातून व्होलास्त्रापर्यंत हजारावर दगडी पायऱ्या, सलग, आणि सकाळी दहानंतर सावली जवळजवळ नाहीच. सिंहगड न थांबता चढणाऱ्याला जमेल, पण पाणी माणशी दोन लिटर घ्या आणि आठच्या आत निघा. गुडघे कुरकुरत असतील तर व्होलास्त्रापर्यंत बस आहे, ती घ्या. पुढची द्राक्षमळ्यांच्या बांधावरची वाट सोपी आणि छान आहे.

कॉर्नील्यात पोचलो की संपलं असं वाटतं, तसं नाही. पाचांतलं हेच एक गाव समुद्रापासून शंभर मीटर उंच कड्यावर आहे आणि स्टेशन पार खाली. मधे लार्दारीना, म्हणजे विटांच्या 382 पायऱ्यांचा नागमोडी जिना. दिवसभर चालून उतरताना पोटऱ्या थरथरत होत्या. वर-खाली करणारी छोटी बस आहे, आम्ही हट्टाने घेतली नाही. तुम्ही घ्या.

खाली पोचलो तर गाडी नुकतीच गेली होती. स्टेशनातल्या छोट्या बारमध्ये शिरलो. इथे दुसरी गोष्ट सांगायला हवी. बार म्हटलं की आपल्याला दारूच डोळ्यांपुढे येते. त्या समजुतीने पहिल्या दिवशी आम्ही तीन बार ओलांडून 'कॉफीचं दुकान' शोधत राहिलो. इटलीत बार म्हणजेच कॉफीचं दुकान. सँडविच, पाणी, बिअर, कधीकधी तिकिटंही तिथेच. आणि 'इटलीत कॉफी सव्वा युरोला' हे जे सगळे सांगतात, ते अर्धंच सांगतात. तो भाव काउंटरशी उभं राहून पिण्याचा. आदल्या दिवशी दुसऱ्या एका गावात आम्ही बाहेरच्या टेबलाशी बसलो आणि चार कॅपुचिनोंचे 20 युरो मोजले. मला ती लूट वाटली, अजूनही वाटते. पण दरपत्रक आत भिंतीवर होतं, त्यात काउंटरचा आणि टेबलाचा भाव वेगवेगळा लिहिलेला होता. ते लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. आधी ते वाचा, मग खुर्ची ओढा.

कॉर्नील्यात आम्ही उभेच राहिलो. नुसतं 'काफ्फे' म्हटलं की एस्प्रेसो, म्हणजे छोट्या कपातली कडक काळी कॉफी येते. 'लात्ते' मागाल तर दुधाचा ग्लास मिळेल. ज्यांना काळी कॉफी झेपत नाही त्यांनी 'मक्यातो' मागावी, तिच्यात दुधाचा थोडासा फेस असतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवावी लागते, इथे नंतर दिले. जाड पांढरा कप, तळाशी जेमतेम दोन-तीन घोट, वर तांबूस साय. साखर घालून ढवळली आणि पहिल्या घोटाला त्या 382 पायऱ्यांचा शीण उतरला. घाटातून उतरून एसटी स्टँडवर घेतलेल्या चहानंतरच असं वाटलं होतं. चौघांचे मिळून सहा युरोही झाले नाहीत. अख्ख्या सहलीतली सर्वांत चांगली कॉफी तीच.

एक मात्र करा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो, नाहीतर दंड. हे काम बारमध्ये शिरण्याआधी उरका. आम्ही कॉफीच्या नादात विसरलो होतो. गाडी बोगद्यातून बाहेर येताना दिसली तेव्हा एकाने धावत जाऊन चारही तिकिटं ठोकली, आणि दार बंद होता होता आम्ही चढलो.