१९७२ ची सी-१० आणि लाँग ट्यूब हेडर्स: उजवी बाजू झाली, डावी अजून भांडतेय

गाडी शेव्हरोले सी-१० पिकअप, इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घनइंची व्ही-८), गिअर हाताचे. जुने ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्यांच्या जागी हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या लांब नळीने नेणारा संच, बसवतोय. हेडरच्या नळ्या १ ५/८ इंची, कलेक्टर (नळ्या जिथे एकत्र येतात ते तोंड) ३ इंची. रस्त्यावरच्या ३५० ला एवढं पुरतं. नळ्या पावणेदोन इंची घेतल्या तर खालच्या आरपीएमचा जोर घटतो आणि आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते.

जुने मॅनिफोल्ड काढताना टोकाच्या बोल्टांवर वाकवलेल्या लॉकच्या पट्ट्या असतील, तर त्या छिन्नीने आधी सरळ करायच्या. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. गंज तिथेच तुटतो. नुसताच सोडायच्या दिशेने जोर लावला की डोकं हातात येतं. तुटलेल्या बोल्टचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करावा, त्या उष्णतेनेच तो अर्धा सुटतो. सगळं निघालं की दोन्ही बाजूंच्या बाराही बोल्टभोकांतून ३/८-१६ चा टॅप (आटे साफ करणारं हत्यार; ३/८ इंची, इंचाला १६ आटे) फिरवून हवा मारायची.

हेडरची फ्लँज (इंजिनला टेकणारी जाड पट्टी) नवी आहे म्हणून सपाट असेलच असं नाही. सरळ पट्टी लावून बघावी, वेल्डिंगच्या ताणाने ती बाक घेते. थोडा बाक असेल तर लांब कानस आडवी चालवून निघतो. धुराची मधली दोन भोकं एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे गॅस्केट तिथेच आधी फुंकतं. सिलिकॉन लावून भागत नाही, जळून जातं.

उजव्या बाजूला अडचण एकच, स्टार्टर. तो उतरवूनच हेडर खालून वर घ्यावा. परत बसवताना रिडक्शन गिअरचा छोटा स्टार्टर घेतला तर नळीपासून फट मिळते. मोठा ठेवायचा असेल तर उष्णतेची ढाल हवीच, नाहीतर तापलेलं इंजिन बंद करून लगेच चालू करताना स्टार्टर कण्हतो.

डाव्या बाजूला (या गाडीचं स्टीअरिंग डावीकडे) मात्र क्लचचा झेड-बार (पेडलचा जोर क्लचकडे नेणारा दांडा), स्टीअरिंगचा दांडा आणि डिपस्टिकची नळी, तिघं एकाच जागेवर हक्क सांगतात. (१९८० नंतरचा ब्लॉक बसवला असेल तर डिपस्टिक उजवीकडे, तेवढी सुटका.) इंजिन माउंटचा आडवा बोल्ट काढून, ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून इंजिन दीड इंच उचलावं. उचलताना डोळा मागे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर आणि पुढे पंख्यावर. कॅप फायरवॉलला टेकली की फुटलीच. हेडर आत गेल्यावर एकाने क्लच पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने खाली बघायचं. झेड-बार नळीला घासत असेल तर नळी लाल करून गोल तोंडाच्या हातोडीने उथळ खड्डा पाडावा, जोडाजवळ नाही. सिरॅमिक कोटिंग त्यानंतरच, उलट केलं तर कोटिंग उडतं.

त्या बाजूचे सहाही बोल्ट आधी बोटांनी लावून मगच आवळायचे: मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, २० ते २५ फूट-पाउंड. एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की पुन्हा. गॅस्केट बसतं, बोल्ट सैल होतात.

चालू केल्यावर टिकटिक ऐकू आली तर थंड इंजिनवर रबरी नळी कानाला लावून शोधावी. गरम झाल्यावर आवाज थांबला म्हणजे गळती बरी झाली असं नाही. धातू फुगून फट मिटलेली असते. ही गळती बुजल्याशिवाय कार्बोरेटरच्या जेटना (पेट्रोल मापून सोडणारी छिद्रं) हात लावू नये. फटीतून बाहेरची हवा ओढली जाते आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असल्याची खोटी साक्ष देतो.

उजव्या मॅनिफोल्डसोबत हीट रायझर झडपही (थंड इंजिनात गरम धूर इनटेककडे वळवणारी) गेली, त्यामुळे इनटेक पूर्वीसारखं लवकर तापत नाही आणि चोक (थंड इंजिनात हवा अडवणारी पट्टी) उशिरा उघडतो. यावर इलेक्ट्रिक चोक. तो, ७ नंबरच्या प्लगची वायर नळीपासून दूर बांधणं आणि डाव्या कलेक्टरचं गॅस्केट एवढं बाकी आहे.