पार्वती बोलते तेव्हा

सोमवारी घणसोलीला उतरायच्या ऐवजी मी कोपरखैरण्याला उतरले. ठाण्याहून घणसोली म्हणजे लोकलने जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. त्यात ऐरोलीपर्यंत उभं राहूनच जावं लागतं. त्या दिवशी ऐरोलीला जागा मिळाली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि मान वर केली तर घणसोली मागे गेलं होतं. उतरून फलाटावरच्या बाकड्यावर बसले आणि रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मी दोन घोट प्यायले, पण का रडतेय ते त्यांना सांगता आलं नाही.

पुस्तक होतं रा. रं. बोराड्यांचं ‘पाचोळा’. २०२५च्या फेब्रुवारीत बोराडे सर गेले, तेव्हा पेपरात त्यांच्याबद्दल खूप छापून आलं होतं. ही कादंबरी तेव्हापासून मनात होती. आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणली. संग्रहालय १८९३ सालचं आणि मी तिथली कॉलेजपासूनची सभासद. जुनी प्रत हातात आली की आधी मागच्या पानावरच्या तारखा बघते. आपल्या आधी कुणीतरी हे घरी नेलंय, रात्री जागून वाचलंय, याचा मला आधार वाटतो.

अंगावर येणाऱ्या कादंबऱ्या मी पहिल्यापासून वाचते. “असलं कशाला वाचतेस, डोक्याला त्रास,” असं घरात ऐकावं लागतं. पण मला ती माणसं सोडवत नाहीत. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण येतं. ते वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि पुढचे कितीतरी दिवस रात्री उठून झोपलेल्या भावाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचे. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ वाचून त्यातल्या नायकाचा, चक्रधरचा संताप आला होता. तो मुंबईला उतरतो आणि बोटीवर त्याच्यावर जीव लावणारी ज्यू मुलगी, हेर्टा, त्याच बोटीने पुढे जाते. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

‘पाचोळा’चं मात्र निराळं झालं. कादंबरी १९७१ची, मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. गंगाराम शिंपी मानी माणूस, गावातल्या वजनदार माणसापुढे वाकत नाही, आणि त्या न वाकण्यात घर पार मोडून जातं. पण हे सगळं गंगाराम सांगत नाही. सांगते त्याची बायको, पार्वती, तिच्या घरातल्या, चुलीजवळच्या बोलीत. त्याच्या मानीपणाचा तिला अभिमान आहे आणि धसकाही आहे. तो बाहेर भांडून येतो तेव्हा घरात काय होतं, हे तिलाच ठाऊक. माझं स्टेशन चुकलं ते या पार्वतीमुळे.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. मी नववीत असताना कारखाना बंद पडला. हिशेब घ्या आणि सही करा, असं सांगण्यात आलं. बहुतेकांनी सही केली. वडील आणि आणखी दहा-बारा जण गेटसमोर मांडव घालून बसले, नंतर कोर्टात गेले. पाच वर्षं चाललं. शेवटी जे मिळालं ते आधी मिळत होतं त्याहून कमी होतं. ही गोष्ट मी आयुष्यभर वडिलांची गोष्ट म्हणून सांगत आले. मैत्रिणींना, नवऱ्याला, मुलाला. बाबा कसे वाकले नाहीत.

त्या पाच वर्षांत आई साड्यांना फॉल लावायची. एका साडीचे आठ रुपये. सावरकर नगरच्या आमच्या खोलीत दिवा रात्री एकपर्यंत जळत असायचा आणि मी त्या उजेडात झोपायचे. इतकं सगळं समोर असून माझ्या गोष्टीत ती नव्हतीच. पार्वती बोलायला लागली आणि मला कळलं, की आईचा त्या काळातला एकही शब्द मला आठवत नाही.

गेल्या रविवारी सावरकर नगरला गेले. वडिलांना जाऊन आता चौदा वर्षं झाली. आई पातीचा कांदा निवडत होती. मी सरळ विचारलं, “आई, बाबा मांडवात बसले होते तेव्हा तुला काय वाटायचं?”

ती बराच वेळ कांदाच निवडत राहिली. मग म्हणाली, “एकदा डबा भरताना तोंडापर्यंत आलं होतं, की करा बाई एकदाची सही. पण म्हनले न्हाई.”

“का?”

“दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन जायाचं होतं ना त्यांना.”

मी तिला गंगारामबद्दल सांगितलं, पार्वतीबद्दल सांगितलं. आई चौथी शिकलेली, माहेर पाटणकडचं. वाचायला डोळेही आता साथ देत नाहीत. म्हणाली, “वाच बघू.” मी पहिल्यापासून सुरू केलं. मराठवाड्याची बोली माझ्या तोंडी नीट बसत नाही, काही शब्दांशी अडखळले. आईला मात्र एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. मधे एकदाच तिने हात वर करून थांबवलं. “पुन्हा वाच तेवढं.” मी पुन्हा वाचलं. ती काही बोलली नाही.

पुढे काय होतं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिनेही विचारलं नाही. मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, “पुढच्या रविवारी लवकर ये, जेवायलाच.”

पुस्तकाची तारीख शुक्रवारी संपत होती. ऑफिसातून परत येताना संग्रहालयात गेले आणि मुदत वाढवून घेतली.