वीज-इशारा ॲप, आठवडा 5: बीडचा इशारा गेला बर्फात

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहेच, त्यामुळे वीज शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. माझं काम घरच्यांपुरतं. 'सचेत' या सरकारी आपत्ती-इशारा सेवेच्या कॅप फीडमधला (कॅप म्हणजे इशारे पाठवायचा ठरलेला साचा) इशारा उचलायचा आणि गावाकडच्या फोनवर सोप्या मराठीत वाजवायचा.

चार रात्री एकाच बगने खाल्ल्या. फीडमध्ये बीडचा इशारा दिसतोय, नकाशावर मात्र शुकशुकाट. वैतागून झूम आउट केलं तर आमचा जिल्हा आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला समुद्रात तरंगतोय! कॅपच्या पॉलिगॉनमध्ये, म्हणजे इशाऱ्याच्या हद्दीत, आधी अक्षांश, मग रेखांश; नकाशाला लागणाऱ्या जिओजेसन साच्यात नेमकं उलट. 19 उत्तर, 75.8 पूर्व हे 75.8 उत्तर, 19 पूर्व झालं होतं. दुरुस्ती एका ओळीची. हात लागलाच होता, म्हणून इशाऱ्याचं स्टेटस 'ॲक्चुअल' (खरा, चाचणीचा नव्हे) नसेल तर भोंगा वाजवायचा नाही, ही अटही घातली.

मग डोझ, म्हणजे अँड्रॉइड फोनची झोप. मागच्या मागे कामं उरकणाऱ्या वर्कमॅनेजरचं ठरावीक काम 15 मिनिटांच्या आत पुन्हा होत नाही, आणि फोन बाजेवर निपचित पडला की आणखी लांबतं. वळीव थांबतोय होय तेवढा! आता फीड सर्व्हर वाचतो आणि एफसीएम या गूगलच्या सूचना-सेवेवरून हाय प्रायॉरिटी सूचना पाठवतो. काकांच्या फोनचा बॅटरी सेव्हर तरीही ॲपचा गळा दाबत होता, ती सेटिंग हातानेच बदलली.

रविवारी गावी काकांना दाखवलं. वर नारिंगी पट्टी (तिच्या छटेवर माझे दोन दिवस गेलेत), खाली 'मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, सतर्क राहावे.' काकांनी चष्मा लावून वाचलं.

"बरं, झालो सतर्क. आता बैलं सोडू का बांधू?"

तिथेच बसून मजकूर बदलला: 'वीज जवळ आहे. झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.'

"रानात पक्कं घर कुठंय रे?"

म्हणून ॲप पहिल्यांदा उघडलं की आता एक प्रश्न येतो: शेतापासून जवळचं पक्कं छत कोणतं, चालत किती वेळ? उत्तर इशाऱ्यातच दिसतं. काकांनी लिहिलं, 'झेडपीची शाळा, 20 मिनिटं.' म्हणजे भोंगा त्याच्याही आधी वाजायला हवा. वर्कमॅनेजर काढला ते बरंच झालं. बैलांचं मात्र अजून काही सुचलेलं नाही.