चार देश, एक मागणी आणि वणीचं जिनिंग

आफ्रिकेतून आलेली काही मंडळी त्या दिवशी वणी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना) डबल रोलर यंत्रं बघायला येणार होती. बेनिन, माली, बुर्किना फासो आणि चाड या देशांतली ही माणसं नागपूरला जिनिंगचं प्रशिक्षण घेत होती. त्यांच्याकडे करवतीच्या दात्यांची जिन चालते, आपल्याकडे रोलर, आणि हा फरक त्यांना समोर उभं राहून पाहायचा होता. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना बाजार आणि व्यापारधोरण समजावून देणं हे माझं काम. म्हणून आसपासच्या संचालकांनाही बोलावलं होतं. कार्यक्रम तासाभराचा होता, पण चर्चा दिवस मावळेपर्यंत चालली.

विषय निघाला रुईच्या उताऱ्यावरून. त्यांच्याकडे क्विंटलभर कापसातून ४२ किलोच्या आसपास रुई निघते, आपल्याकडे ३३-३४ किलो. हे ऐकल्यावर मारेगावकडचे एक संचालक म्हणाले, "मंग तं तुमच्याकडचा शेतकरी सुखी असन जी." दुभाष्याने ते फ्रेंचमध्ये सांगितलं, तशी पाहुण्यांनी नकारार्थी मान हलवली. २००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला ४२ सेंटच्या घरात आला होता. त्याच काळात अमेरिका आपल्या साधारण २५ हजार कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचं अनुदान देत होती, आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेत कापसावर जगणारे लोक होते एक कोटीवर.

"मंग तुमी एवढ्याशा देशांनी अमेरिकेले बोलायले कसं लावलं?"

पाहुण्यांमध्ये बेनिनच्या व्यापार मंत्रालयात काम केलेले एक अधिकारी होते. त्यांनी यंत्राकडे पाठ फिरवली, गाठींच्या थप्पीला टेकले आणि सांगायला लागले. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो, पण ज्या बाजूने तो लढला गेला त्या बाजूच्या माणसाकडून ऐकणं वेगळंच होतं. त्यांनी सांगितलेलं आणि मला माहीत असलेलं एकत्र करून इथे मांडतो.

सुरुवात मागणी कमी करण्यापासून झाली. एप्रिल २००३ च्या अखेरीस चारही देशांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेला एकच प्रस्ताव दिला. त्यात मागण्या दोनच होत्या: कापसावरची अनुदानं तीन वर्षांत, दरवर्षी एक तृतीयांश याप्रमाणे बंद करा, आणि ती बंद होईपर्यंत अल्पविकसित उत्पादक देशांना भरपाई द्या. तांदूळ, साखर, कर्ज यातलं काहीच त्यात नव्हतं. तुम्हीच लिहिलेले मुक्त व्यापाराचे नियम तुम्हीही पाळा, एवढंच म्हणणं होतं. अशा मागणीला उघडपणे नाही म्हणणं समोरच्याला जड जातं. आकडेही मोजकेच दिले: राष्ट्रीय उत्पन्नात कापसाचा वाटा ५ ते १० टक्के, एकूण निर्यात उत्पन्नात ३० टक्क्यांच्या आसपास. घाईतला पत्रकारही बातमीत घालू शकेल इतकेच.

मग तो कागद कोणी मांडायचा, हा प्रश्न. १० जून २००३ ला बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे स्वतः जिनिव्हात व्यापार वाटाघाटी समितीपुढे उभे राहिले. ही समिती एरवी राजदूत आणि अधिकाऱ्यांची. तिथे राष्ट्राध्यक्ष आला की बातमी होते, आणि विषय खालच्या टेबलावर दाबून ठेवता येत नाही. ११ जुलैला त्यांचा आणि मालीचे राष्ट्राध्यक्ष आमादू तुमानी तुरे यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला. तो अमेरिकेच्या करदात्यासाठी लिहिलेला होता. सरकारी खर्च कमी करा म्हणणारे अमेरिकेतच पुष्कळ आहेत, आणि छोट्या देशाला फुकटात मिळू शकणारा मित्र तोच.

कागदांच्या बाजूला जिनिव्हातली आयडियाज सेंटर ही संस्था सल्ल्याला होती, जनमताच्या बाजूला ऑक्सफॅम ही स्वयंसेवी संस्था. इथे एक धोका आहे आणि तो मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. मसुदा संस्थेने लिहिला आणि सरकारने नुसती सही केली, तर पहिल्याच उलट प्रश्नाला राजदूत अडखळतो. मग समोरचा म्हणतो, ही मागणी यांची नाहीच. आकड्यांवर देशाच्या अधिकाऱ्याची पकड हवीच.

जागतिक व्यापार संघटनेत निर्णय सहमतीने होतात, म्हणून प्रत्येक बैठकीला हजर असणाऱ्याला किंमत असते. अडचण अशी की छोट्या देशाच्या जिनिव्हातल्या कार्यालयात दोन-तीनच अधिकारी असतात, आणि व्यापार, आरोग्य, कामगार, मानवी हक्क हे सगळं त्यांच्याच अंगावर. एकाच वेळी तीन बैठका लागल्या की दोन सुटतात. यावरचा उपाय म्हणजे वाटून घेणं. गटातला एक देश समन्वयक होतो, बाकीचे बैठका वाटून घेतात आणि टिपणं त्याच संध्याकाळी एकमेकांना देतात. कॉमनवेल्थने छोट्या देशांसाठी न्यूयॉर्कला १९८३ पासून आणि जिनिव्हाला २०११ पासून सवलतीच्या भाड्यात सामायिक कार्यालय ठेवलं आहे. वकिलांसाठी जिनिव्हात २००१ पासून जागतिक व्यापार कायद्याचं सल्ला केंद्र आहे. अल्पविकसित देशांना तिथे सदस्यत्व न घेताही मदत मिळते.

सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकुनला झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेत कापूस हा कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून आला. इतक्या लहान देशांसाठी ही मोठीच गोष्ट. पण परिषदेच्या शेवटी जो मसुदा आला, त्याच्या २७ व्या परिच्छेदात अनुदानं बंद करण्याचा शब्द नव्हता. उलट या देशांना दुसऱ्या पिकांकडे आणि उद्योगांकडे वळायला मदत करावी, अशी भाषा होती. परिषद मोडली. वर्षभराने, १ ऑगस्ट २००४ च्या चौकट करारात कापूस स्वतंत्र न ठेवता शेतीच्या वाटाघाटीत घालण्याला चौघांनी संमती दिली. बदल्यात नोव्हेंबरमध्ये कापसाची वेगळी उपसमिती मिळाली. माझ्या मते इथेच त्यांचा हात सुटला. २००५ च्या हाँगकाँग परिषदेत विकसित देशांनी कापसाची निर्यात अनुदानं २००६ मध्ये बंद करायचं मान्य केलं, पण देशांतर्गत अनुदानाची कपात संपूर्ण दोहा फेरीला, म्हणजे सगळ्याच विषयांवर एकत्र चाललेल्या व्यापार वाटाघाटींना बांधली गेली. फेरी अडकली, तशी कपातही अडकली.

"म्हंजे हातात काईच नाही?" शिरपूरकडच्या एका ताईंनी विचारलं.

त्यावर ब्राझीलची गोष्ट निघाली. ब्राझीलने २००२ मध्येच अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार लावली होती. बेनिन आणि चाड त्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सामील झाले. त्रयस्थ पक्षाला म्हणणं मांडता येतं, पण प्रत्युत्तरी कारवाईचा, म्हणजे हरलेल्या देशाच्या मालावर जादा शुल्क लावण्यासारखा हक्क मिळत नाही. मार्च २००५ मध्ये अपील मंडळानेही निकाल अमेरिकेविरुद्ध दिला आणि ऑगस्ट २००६ पासून 'स्टेप टू' नावाचं एक अनुदान बंद झालं. पुढे अमेरिकेने तडजोडीत ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला सुरुवात केली, आणि २०१४ ला आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. या चार देशांच्या हातात थेट पैसा यातला काही आला नाही, ब्राझीलमार्फत थोडं तांत्रिक सहकार्य तेवढं मिळालं. जिनिंगमध्ये एकदम शांतता झाली. मोठ्याच्या खटल्यात सामील होण्याआधी, तडजोड झाली तर आपला वाटा काय, हे त्या मोठ्याकडून आधी लिहून घ्यायला हवं होतं, असं मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

मग वॉशिंग्टनच्या भाडोत्री फर्मचा, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू तिथल्या सरकारपुढे मांडणाऱ्यांचा विषय आला. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याप्रमाणे परदेशी सरकारसाठी काम करणाऱ्या फर्मला करारानंतर १० दिवसांत अमेरिकी न्याय खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि दर सहा महिन्यांनी कोणाला भेटलो, किती पैसे मिळाले याचा हिशेब द्यावा लागतो. हे सगळं कोणालाही वाचता येतं, विरोधकालाही. राजकीय काम झालं तरच फी, असा करार बेकायदा आहे. म्हणजे पैसे दरमहा जातात, काम होवो न होवो. त्यात देशात सरकार बदललं की करार तुटतो, आणि फर्मच्या माणसांनी जोडलेल्या ओळखी फर्मबरोबरच जातात. अधिकृत राजनैतिक अधिकाऱ्याला ही नोंदणी लागत नाही. म्हणून पैसा कमी असेल तर दूतावासात एक चांगला माणूस पाच-सहा वर्षं टिकवणं जास्त फायद्याचं. त्याने शेती विधेयक समितीत जाण्याच्या आधी, म्हणजे मसुदा कच्चा असतानाच, समितीच्या कर्मचाऱ्यांना भेटायचं. सभागृहात मतदान लागल्यावर गेलं तर चहाच मिळतो.

एक अवघड प्रश्न पाहुण्यांनी आम्हालाही केला. भारतही कापसाला हमीभाव देतो, तुमची रुईही जगात विकली जाते, त्याचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत उलट नोंद दिली, म्हणजे भारत सांगतो त्याहून जास्त आधार देतो असं कळवलं, ते याच मुद्द्यावर. आमच्या संचालकांना हे माहीत नव्हतं. इथल्या शेतकऱ्याला हमीभाव नसेल तर तो बुडेल, हे खरं. हमीभावाने जागतिक भावावर ताण येतो हा आरोपही टेबलावर आहे. दोन गरीब उत्पादकांना एकमेकांसमोर उभं करून मोठा निसटतो, हे सांगायला मला शब्द जुळवावे लागले, कारण समोर बसलेले दोघेही बरोबर होते.

निघण्याआधी बेनिनच्या अधिकाऱ्यांनी आमच्या संचालकांचं निवेदन वाचून दाखवायला सांगितलं. त्यात चौदा मागण्या होत्या: कर्जमाफी, दिवसा वीज, रानडुकरं, बोंडअळीची भरपाई, आयात शुल्क, खरेदी केंद्रं आणि आणखी बरंच. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, यातली कोणती मागणी नाकारणं सरकारला सर्वांत अवघड आहे?

वाद बराच रंगला. शेवटी ठरलं की पहिली वेचणी घरात येण्याआधी हमीभावाची खरेदी केंद्रं उघडावीत, एवढंच मागायचं. त्यासाठी लागणार होती तालुकावार आवक आणि हमीभावाखाली गेलेला दर आठवड्याचा दर, मागच्या तीन हंगामांचा. तो बाजार समितीच्या नोंदवह्यांमध्ये आहे, पण एकत्र कोणाकडेच नव्हता. वणी, मारेगाव आणि झरी अशी वाटणी तिथेच झाली, आणि कागद दिवाळीत न देता खरीप पेरणीच्या आधी मुंबईला पोचवायचा असं ठरलं.