तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरीला बांधलेला विमा

“इतकी वर्षे अमेरिकेत काढलीत, हाताशी कसब आहे, गाठीला चार पैसे आहेत, मग स्वतःचा व्यवसाय का थाटत नाही?” असे पुण्यातले नातेवाईक मला नेहमी विचारतात आणि “आरोग्यविम्यामुळे” असे उत्तर दिले की मी टाळाटाळ करतो आहे, अशी त्यांची समजूत होते. नोकरी सुटली म्हणून ससूनच्या दारातून कोणी परत जात नाही हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही शंका यावी हे स्वाभाविकच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या बहुतेक लोकांचा विमा मालकाकडून येतो आणि ही व्यवस्था कोणी विचारपूर्वक आखलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. विम्याला त्यातून सूट असल्यामुळे, कामगारांचा तुटवडा पडताच कारखानदारांनी वाढीव पगाराऐवजी विमा देऊ करून माणसे मिळवायला सुरुवात केली. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला कर लागणार नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्के केले आणि युद्धकाळातली तडजोड कायमची होऊन बसली. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी विमा योजना आल्या, पण मधली कर्ती पिढी मालकाच्याच हवाली राहिली.

या विम्याची खरी किंमत नोकरदाराला सहसा दिसत नाही. वर्षाच्या सुरुवातीला हाती पडणाऱ्या डब्ल्यू-२ या करपत्रकात बाराव्या चौकटीत ‘डीडी’ या अक्षरांपुढे एक आकडा छापलेला असतो. त्यावर कर नसल्याने बहुतेक जण तो वाचतही नाहीत. मालकाने आणि आपण मिळून विम्यापोटी वर्षभरात भरलेली ती रक्कम असते. कुटुंबाच्या विम्यासाठी तिची देशातली सरासरी २०२४ मध्ये साडेपंचवीस हजार डॉलरच्या घरात होती आणि त्यातला जेमतेम पाव हिस्सा पगारातून कापला जात होता. उरलेला मालक भरतो असे म्हणायचे. खरे तर तो आपल्याच पगारातला, कधी हातात न पडलेला वाटा असतो, असे बहुतेक अर्थतज्ज्ञही मानतात.

नोकरी गेली की हा आकडा एकदम अंगावर येतो. डॅलसजवळ घरगुती डबे देणाऱ्या माझ्या परिचयातल्या एक बाई धंदा वाढवण्यासाठी भाड्याने स्वयंपाकघर घेणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या यजमानांची नोकरी गेली. जुना विमा अठरा महिने चालू ठेवण्याची मुभा देणाऱ्या कोब्रा नावाच्या कायद्याखालचे पत्र आले खरे, पण त्यासाठी संपूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के खर्चापोटी स्वतःच्या खिशातून भरायचे होते. निर्णयाला साठ दिवस मिळतात आणि तेवढ्यात कोणी आजारी पडले तरच मागील तारखेपासून पैसे भरायचे, अशी शक्कल पुष्कळ जण लढवतात. त्यांनीही तेच केले. अखेर यजमानांनी कमी पगाराची, पण विमा देणारी पहिली नोकरी पत्करली आणि स्वयंपाकघराचा बेत बारगळला. अशा न झालेल्या धंद्यांची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही.

२०१० च्या कायद्याने, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात, बरेच काही बदलले. मधुमेह आहे म्हणून विमा नाकारणे बेकायदा ठरले आणि सव्वीस वर्षांपर्यंतची मुले आईवडिलांच्या विम्यात राहू लागली. मात्र मेडिकेडचा विस्तार करणे, म्हणजे कमी कमाईच्या आणखी प्रौढांना त्यात घेणे, राज्यांच्या मर्जीवर आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आणि आमच्या टेक्सासने तो केलाच नाही. त्यामुळे येथे मुलेबाळे नसलेला, दारिद्र्यरेषेखालच्या कमाईवर राबणारा धडधाकट माणूस मेडिकेडलाही पात्र नाही आणि स्वतः विमा घेणाऱ्याला हप्त्यासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानालाही नाही, कारण अनुदान दारिद्र्यरेषेपासून वर सुरू होते. वरच्या टोकाला २०२१ पासून मिळणारे वाढीव अनुदान २०२५ अखेर संपले. आता चौघांच्या कुटुंबाची कमाई सुमारे १ लाख २८ हजार डॉलरच्या पुढे एका डॉलरने गेली, तरी सगळे अनुदान जाते. व्यवसाय वाढवणाऱ्याला ही तर शिक्षाच झाली.

माझ्या मते सुधारणा येथूनच सुरू व्हावी. मालकाने विमा निवडण्याऐवजी करमुक्त रक्कम द्यावी आणि कामगाराने आपला विमा स्वतः घ्यावा, अशी सोय २०२० पासून आहे. तिचा प्रसार झाला तर नोकरी बदलली तरी विमा तोच राहू शकेल. त्याच्या जोडीला अनुदानाचा कडेलोट काढून तेथे उतार हवा आणि रुग्णालयांच्या मनमानी दरांना लगामही हवा, नाहीतर अनुदानाचा पैसा दरवाढीतच जिरेल. २०२५ च्या कायद्याने मात्र उलटी दिशा धरली आहे : विस्तारित मेडिकेडमधल्या बहुतेक प्रौढांना २०२७ पासून महिन्याला ८० तासांच्या कामाचा किंवा शिक्षणाचा दाखला द्यावा लागेल. दमेकऱ्याला इनहेलर मिळाला तर तो कामावर जाईल, हा साधा क्रम कायदा करणाऱ्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

आता माझ्यापुरते. मला ६५ व्या वर्षी मेडिकेअर मिळेल, तेव्हा तरी नोकरी सोडा, असे तुम्ही म्हणाल. पण मेडिकेअर ज्याचे त्यालाच मिळते, त्यात कुटुंब येत नाही. माझी पत्नी माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे आणि तिला मधुमेह आहे. त्यामुळे व्यवसायाचा मुहूर्त माझ्या नव्हे, तिच्या वयावरून काढावा लागतो.