कॅथरिनची वंशावळ: बारा घरं, आठ माणसं

रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी ही मूळची आन्हाल्ट-झेर्ब्स्टची जर्मन राजकन्या सोफी, जन्म श्टेटिन, 1729. तिच्या वंशावळीत मी खापरपणजोबांच्या पिढीपर्यंत पोचलोय. क्रमांक केकुले पद्धतीचे: सोफी 1, कुणाच्याही आकड्याची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. या पिढीत 16 ते 31 अशी सोळा घरं. त्यांतली बारा भरली आणि माणसं निघाली आठच!

18, 24 आणि 30 या तिन्ही जागी होल्श्टाइन-गोटॉर्पचा ड्यूक फ्रीडरिख तिसरा (1597–1659) बसलाय. 19, 25, 31 वर त्याची बायको, सॅक्सनीची मारी एलिझाबेथ. त्यांची एक मुलगी झेर्ब्स्टची सून झाली, दुसरी बाडेन-डुर्लाखला गेली, मुलगा ख्रिस्टियान आल्ब्रेख्ट गादीवर बसला. पुढे या मुलाच्या मुलाने बाडेनच्या आत्याची मुलगी केली. तेच सोफीच्या आईचे आईवडील. सोफीचा नवरा पीटर तिसराही याच ख्रिस्टियान आल्ब्रेख्टचा पणतू. त्यामुळे आता एका व्यक्तीला एकच पान देतो, त्यावर तिचे सगळे क्रमांक लिहितो.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती 17 क्रमांकाची ओल्डेनबुर्गची माग्डालेने. तिचा भाऊ काउंट आन्टोन ग्युंटर 1667 मध्ये औरस वारस न ठेवता वारला आणि उत्तर समुद्राजवळचं येवर तिच्या नात्याने झेर्ब्स्ट घराण्याकडे आलं. 1793 मध्ये सोफीचा भाऊ निपुत्रिक वारला. आन्हाल्टमधला मुलूख घराण्याच्या इतर शाखांनी वाटून घेतला, पण येवरचा वारसा मुलीकडेही जाऊ शकत होता, म्हणून ते थेट रशियाच्या सम्राज्ञीला मिळालं! मुलींच्या बाजू नुसत्या नावापुरत्या टिपून पुढे जाऊ नका, हे मी इतक्या आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

आता 20 ते 23. ही सोफीच्या वडिलांची आई, क्रिस्टीने एलेओनोरे फॉन त्सॉइच, हिची बाजू. घराणं कनिष्ठ सरदारांचं, राजघराण्यांच्या छापील तक्त्यांत फारसं सापडणारं नाही. म्हणून चर्चच्या नोंदवह्या आणि त्या काळी छापली जाणारी अंत्यविधीची प्रवचनं धुंडाळणार आहे. त्यांत मृताचे पूर्वज बरेचदा दिलेले असतात. तारखा उतरवताना एक पथ्य: 1700 पूर्वीच्या प्रोटेस्टंट नोंदी सहसा ज्युलियन कॅलेंडरच्या असतात, सतराव्या शतकात आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरहून दहा दिवस मागे. मी दोन्ही तारखा लिहितोय.